सफाईनंतर तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ का होते? भंगारातून केलेल्या फिल्टरची वारंवार येणारी तक्रार आणि तिचा उपाय

भंगारातल्या वस्तूंपासून घरी फिश टँकचा फिल्टर तयार करणाऱ्यांची एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि स्वतः इतके महिने भोगली आहे, की तिच्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. फिल्टर पहिले काही आठवडे उत्तम चालतो आणि मग दर दहा-बारा दिवसांनी त्याची धार मंदावते. तो उघडून लख्ख धुतला की धार पूर्ववत होते, पण दोन-तीन दिवसांनी पाण्यावर दुधाची झाक येते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात, आणि आपण घाबरून फिल्टर पुन्हा धुतो. त्यानंतरचा फेरा आधीच्यापेक्षा वाईट असतो.

माझी टाकी नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या घरी, दिवाणखान्यात आहे. ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असून खडी वजा जाता तिच्यात सुमारे ४५ लिटर पाणी मावते. माझा पहिला फिल्टर म्हणजे शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिच्यात ठासून भरलेला जुन्या सोफ्याचा फोम, तळाशी थोडी खडी आणि मधून गेलेली हवेची नळी, एवढाच होता. दर दुसऱ्या रविवारी मी तो बाल्कनीत नेऊन, पिळताना निघणारे पाणी नितळ होईपर्यंत नळाखाली धूत असे आणि वर खात्रीसाठी तासभर उन्हातही ठेवत असे. एका बुधवारी शेजारचा लहान मुलगा टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "काका, सगळे मासे वर येऊन काय खातायत? तुम्ही तर अजून खायला टाकलंच नाही." मी दिनदर्शिकेवर फिल्टर धुतल्याच्या दिवशी फुली मारत असे. त्या फुल्या मी पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की यापूर्वी दोनदा पाणी बिघडले तेदेखील मंगळवारी किंवा बुधवारीच. गढूळपणा हवामानामुळे किंवा खाद्यामुळे येत असता, तर त्याने वार सांभाळला नसता.

एक नव्हे, दोन बिघाड

आपली पहिली चूक ही की धार मंदावणे आणि पाणी दुधाळ होणे या दोन गोष्टींना आपण एकच दुखणे समजतो. धार मंदावते ती फोमच्या छिद्रांत गाळ बसल्यामुळे, आणि त्यावर धुणे हा बरोबर उपाय आहे. पाणी दुधाळ होते ते मात्र त्याच धुण्यामुळे. पहिल्या आजाराचे औषध दुसऱ्या आजाराचे कारण ठरते, आणि ज्या फिल्टरमध्ये सगळे काम एकाच फोमकडून करून घेतले जाते त्यात यातून सुटका नसते, कारण गाळ अडवणारी वस्तू आणि जीवाणूंचे घर या दोन्ही गोष्टी तिथे एकच असतात.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, आणि न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी असतो. ओल्या फोमवर, खडीवर, काचेवर वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही जीवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असलेले नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट आपण पाणी बदलून काढून टाकतो. फिल्टरचे खरे काम हे आहे. दिसणारा कचरा अडवणे हे त्याचे दुय्यम काम आहे. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. साधे कुजवणारे जीवाणू अनुकूल स्थितीत तासाभरात किंवा त्याहून लवकर दुप्पट होतात, तर अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी दिवसाच्या आसपास वेळ लागतो. म्हणूनच नवी टाकी मार्गी लागायला चार ते सहा आठवडे जातात.

आता नळाखाली फोम पिळताना काय होते ते पाहा. नवी मुंबईच्या बहुतेक भागाला महापालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते आणि सर्व शहरांप्रमाणे ते क्लोरीन घालूनच नळाला पोचते. पिण्याच्या पाण्यातले जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन फोमवरचे उपयोगी जीवाणू वगळून बाकीचे मारील, असे होत नाही. राहिलेले काम पिळण्याने आणि उन्हाने पुरे होते. रविवारी संध्याकाळी फिल्टर दिसायला नवा असतो आणि कामाच्या दृष्टीनेही तो नवाच, म्हणजे रिकामा असतो. मासे मात्र जुनेच आणि तेवढेच असतात. सोमवार-मंगळवारपर्यंत पाण्यात अमोनिया आणि कुजके सेंद्रिय द्रव्य साचते, त्यावर भराभर वाढणारे कुजवणारे जीवाणू पाण्यातच तरंगत वाढतात, आणि त्या कोट्यवधी जीवांचा थवा म्हणजेच आपल्याला दिसणारी दुधाची झाक. ते पाण्यातला प्राणवायूही वापरतात, अमोनियाने माशांचे कल्ले आधीच चुरचुरत असतात, आणि म्हणून मासे वर येतात.

आपल्याकडच्या उकाड्यात ही अडचण अधिक तीव्र होते. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो आणि ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. एप्रिल-मे महिन्यांत ठाणे-नवी मुंबईतल्या बंद घरातली टाकी ३० अंश सहज ओलांडते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जी चूक खपून जाते, ती मे महिन्यात मासे घेऊन जाते.

पाणी आत्ता दुधाळ झाले असेल तर

फिल्टर पुन्हा धुवू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. टाकीतले तिसरा हिस्सा पाणी काढून त्या जागी क्लोरीन काढलेले आणि साधारण त्याच तापमानाचे पाणी हळूहळू भरावे. क्लोरीन काढण्यासाठी शोभिवंत माशांच्या दुकानात मिळणारे थेंब वापरावेत. त्यांतील साधे औषध सोडियम थायोसल्फेट असते आणि दुकानदार त्यालाच हायपो म्हणतात. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घ्यावी. थेंब नसतील तर रुंद तोंडाच्या बादलीत पाणी एक पूर्ण दिवस उघडे ठेवावे आणि जमल्यास त्यात हवेची नळी सोडून ठेवावी, म्हणजे मोकळा क्लोरीन उडून जातो. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. धडधाकट मासे दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत. हवा वाढवता येत असेल तर वाढवावी.

या वेळी घरातील ज्येष्ठ मंडळी हमखास तुरटी फिरवण्याचा सल्ला देतात, कारण पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला आपल्या घरांत तुरटीच वापरली जात आली आहे. पिण्याच्या हंड्यासाठी तो सल्ला योग्य आहे, टाकीसाठी मात्र नाही. तुरटी पाण्यातील क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, खाऊन टाकते आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, खाली ओढते. आपल्याकडचे धरणाचे पाणी मुळातच मृदू असल्याने त्याला तो धक्का पेलत नाही.

ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात एकदा पिळून ते काळपट पाणी मागून आणावे आणि आपल्या फिल्टरच्या तोंडाशी सोडावे. दिसायला तो गाळ किळसवाणा असतो, पण त्यात आपल्याला हवे असलेले जीवाणू तयार असतात. ज्या टाकीत नुकताच एखादा मासा आजारी पडला असेल तिथून मात्र ते आणू नये.

मूळ कारण नक्की करा

पुढची दुरुस्ती करण्यापूर्वी आपले दुखणे हेच आहे ना, याची खात्री करावी. पाणी हिरवट असेल तर तो शेवाळाचा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ खिडकीतून पडणाऱ्या उन्हात आहे. पाणी स्वच्छ पण चहासारखे तांबूस असेल तर तो सजावटीच्या लाकडातून उतरलेला रंग आहे. नवीन खडी किंवा कौलाचे तुकडे घातल्यावर लगेच आलेली पांढरट धूळ काही तासांत खाली बसते. सफाईनंतर दोन-तीन दिवसांनी येणारी, खाली न बसणारी आणि काचेचा ग्लास भरून उजेडात धरल्यास बारीक धुक्यासारखी दिसणारी झाक असेल, तरच हा लेख तुमच्यासाठी आहे. अमोनिया तपासण्याचे थेंब परवडत असतील तर ते जरूर घ्यावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत.

धार मंदावल्याचे कारणही दर वेळी फोम नसते. हवेवर चालणाऱ्या फिल्टरमध्ये पाणी वर चढते ते पाइपातल्या बुडबुड्यांमुळे: बुडबुडे मिसळलेले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते, बाहेरचे जड पाणी त्याला वर ढकलते आणि मागून फिल्टरमधून नवे पाणी ओढले जाते. म्हणून प्रथम बुडबुड्यांकडे पाहावे. बुडबुडे पूर्वीइतकेच जोरात येत असूनही पाणी कमी येत असेल तर गाळ फोममध्ये आहे. बुडबुडेच कमी झाले असतील तर फोमला हात लावण्याचे काहीच कारण नाही. अशा वेळी नळीच्या टोकाचा एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र खडा, काढून नुसती नळी पाण्यात धरावी. हवा भसाभस आली तर स्टोन तुंबला आहे आणि तो बदलावा, कारण तुंबलेल्या स्टोनमधून हवा रेटताना पंपाचा पडदा लवकर फाटतो. नुसत्या नळीतूनही हवा मंद येत असेल तर नळी कुठे दुमडली आहे का ते पाहावे आणि मग पंप उघडावा. आतला रबरी पडदा कडक झालेला किंवा चिरलेला आढळेल. मी दोनदा चांगला रुळलेला फोम धुऊन नासवला आणि नंतर कळले की दोष वीस रुपयांच्या स्टोनमध्ये होता.

कायमचा उपाय: गाळ वर, जीवाणू खाली

मी नंतर जो फिल्टर केला त्यात गाळ अडवणारा भाग वेगळा केला आणि जीवाणूंचा भाग वेगळा, असा की पहिला काढताना दुसऱ्याला हात लागू नये. साहित्य जवळजवळ सगळे टाकाऊ आहे. लोणच्याची किंवा बिस्किटांची दीड-दोन लिटरची, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. प्लंबरकडे उरलेला २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, घ्यावा. फुटक्या मंगलोरी कौलाचे तुकडे घ्यावेत. ठाण्या-कळव्याकडे जुन्या कौलारू घराची किंवा चाळीची दुरुस्ती निघाली की ते कोपऱ्यात पडलेले असतात आणि मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही. कांदे ज्या प्लॅस्टिकच्या जाळीच्या पिशवीतून येतात ती जपून ठेवावी. विकत घ्यावा लागतो तो हवेचा पंप, त्याची नळी, एक छोटा स्टोन आणि एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप.

कौलाची निवड मी विचारपूर्वक केली. भाजलेली माती सच्छिद्र असते, त्यामुळे लहानशा तुकड्यातही जीवाणूंना बसायला पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, आणि ती पाण्यात काही सोडत नाही. पण रंग दिलेले कौल घेऊ नये, आणि सिमेंट किंवा चुना चिकटलेला भाग फोडून टाकावा. शंका असेल तर तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. फसफसले तर चुना आहे आणि तो पाण्याचा पीएच वाढवील. पीएच वाढणे ही किरकोळ बाब नाही. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला तोच सुमारे पाच टक्के होतो. तुकडे सुपारीएवढे फोडावेत, लाल पाणी येणे थांबेपर्यंत धुवावेत आणि एकदा उकळून घ्यावेत.

फोमच्या बाबतीत मी पूर्वी चुकलो होतो. सोफ्याचा फोम फार बारीक असतो, म्हणून तो लवकर तुंबतो, आणि त्यावर कोणती रसायने मारली आहेत हे आपल्याला कळत नाही. पॅकिंगमध्ये येणारा जाड छिद्रांचा काळा किंवा करडा फोम चांगला. परीक्षा सोपी आहे: कोरड्या तुकड्याला ओठ न लावता जवळून फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. फुंकर तळहाताला स्पष्ट लागली तर छिद्रे पुरेशी मोठी आहेत. नंतर तो कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी पाण्याला फेस, रंग किंवा वास आला तर तो फोम टाकून द्यावा. भांडी घासण्याचा जंतुनाशक लावलेला स्पंज कधीही वापरू नये. तांब्याची तार, पितळी घासणी आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार यांनाही टाकीत जागा नाही. बांधायचे असेल तेथे नायलॉनची दोरी वापरावी.

आता जोडणी. झाकणाच्या मध्यभागी पाइप अलगद सरकेल एवढे भोक पाडावे आणि उरलेल्या झाकणाला गरम खिळ्याने पंधरा-वीस भोके पाडावीत. खिळा पक्कडीत धरावा आणि खिडकी उघडी ठेवावी. पाइपाच्या खालच्या टोकाला करवतीने तीन-चार खाचा कराव्यात, म्हणजे तो बरणीच्या तळाला टेकला तरी पाणी आत येत राहील. बरणीच्या तळाशी वजनासाठी दोन-तीन धुतलेले गुळगुळीत दगड, त्यावर पाइपाभोवती गुंडाळून बसवलेली कौलांची जाळीची पिशवी, आणि सर्वांत वर, झाकणाच्या खाली, फोमच्या दोन चकत्या ठेवाव्यात: वरची जाड छिद्रांची आणि खालची थोड्या बारीक छिद्रांची. प्रत्येक चकतीला मध्ये पाइपासाठी भोक आणि कडेपासून भोकापर्यंत एक चीर असावी. ही चीर फार कामाची आहे. एल्बो काढून झाकण पाइपावरून वर सरकवले की चकती बाजूने ओढून काढता येते, आणि पाइप किंवा कौले जागची हलतसुद्धा नाहीत. हवेची नळी वरून पाइपाच्या आत सोडून स्टोन तळाजवळ ठेवावा. पाणी झाकणाच्या भोकांतून आत येते, आधी फोममधून व मग कौलांमधून खाली उतरते, तळाशी पाइपात शिरते आणि बुडबुड्यांबरोबर वर चढून एल्बोतून पृष्ठभागाला समांतर बाहेर पडते. एल्बोचे तोंड पाण्याच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवावे. पाणी जितके पातळीच्या वर उचलायला लावाल तितकी धार कमी मिळते.

फोम बरणीच्या भिंतीला घट्ट टेकला पाहिजे. कडेला फट राहिली तर पाणी सोप्या वाटेने, गाळले न जाताच निघून जाते. हे तपासायला टाकीच्या तळचा थोडा गाळ ड्रॉपरमध्ये घेऊन झाकणावर सोडावा आणि बरणीच्या बाजूने पाहत राहावे. गाळाची रेघ फोमच्या कडेने सरळ खाली उतरताना दिसली तर चकती पुन्हा कापावी, बरणीच्या व्यासापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठी.

जुन्या फिल्टरवरून नव्यावर येताना जुना एकदम बंद करू नये. मी जुना फोम दोन तुकडे करून नव्या बरणीत चकत्यांच्या खाली ठेवला आणि सहा आठवड्यांनी काढला. तोपर्यंत कौलांवर जीवाणूंनी बस्तान बसवले होते.

धुवायचे कधी आणि कसे

तारखेवरून फिल्टर धुण्याची सवय मी सोडली आणि धारेवरून ठरवू लागलो. एक लिटर दुधाची रिकामी, स्वच्छ धुतलेली पिशवी घ्यावी, तिच्यातली सगळी हवा दाबून काढावी आणि पाण्यात एल्बोच्या तोंडाला हाताने घट्ट धरावी. पिशवी भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. पाण्याबरोबर बुडबुडेही येतात, म्हणून पिशवीचे तोंड किंचित तिरपे धरून हवा निसटू द्यावी. फिल्टर स्वच्छ असताना माझ्याकडे २० सेकंद लागतात, म्हणजे तासाला सुमारे १८० लिटर, म्हणजेच टाकीतले पाणी तासात चार वेळा फिल्टरमधून जाते. हा आकडा ४० वर गेला की वरची चकती धुण्याची वेळ झाली. त्याआधी फोम कितीही मळका दिसला तरी मी हात लावत नाही. पहिला फिल्टर बारा दिवसही पुरत नव्हता, आता वरची चकती पाच आठवडे जाते.

धुताना पाणी बदलण्यासाठी टाकीतून काढलेलेच पाणी बादलीत घ्यावे आणि चकती त्यात चार-पाच वेळा दाबावी. ती नव्यासारखी लख्ख होता कामा नये. गाळाचा चोथा सुटला आणि फोमवरचा तपकिरी बुळबुळीत थर राहिला, एवढे पुरे. एका वेळी एकच चकती धुवावी, दुसरी किमान दोन आठवड्यांनंतर. ज्या दिवशी चकती धुवाल त्या दिवशी खडी खोल उपसू नये, कारण तिथेही जीवाणू राहतात. उरलेले काळे पाणी कुंड्यांना घालावे. आमच्या तुळशीला आणि मोगऱ्याला ते मानवले आहे.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. जून-जुलैमध्ये नळाला कधी गढूळ पाणी येते आणि कधी क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा उग्र येतो. त्या दिवसांत मी पाणी दोन बादल्यांत आदल्या दिवशीच भरून, नितळू देऊन ठेवतो, शिवाय हायपोचे थेंबही घालतो, आणि एका वेळी पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी बदलत नाही.

सगळे नीट करूनही पाणी बिघडत असेल तर

तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, माशांची संख्या. माझ्याकडे चार गोल्डफिश होते. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि वाढतोही फार, त्यामुळे ४५ लिटरमध्ये चार हे प्रमाण कोणत्याही फिल्टरला झेपणारे नव्हते. चौघेही मी ऐरोलीतल्या एका मित्राच्या अंगणातल्या मोठ्या सिमेंटच्या हौदात सोडले आणि टाकीत आठ गप्पी ठेवले. मुलांना वाईट वाटले, मलाही वाटले, परंतु तो निर्णय बरोबर होता. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

दुसरी गोष्ट, पाण्याची क्षारता. अमोनियाचे रूपांतर करताना जीवाणू पाण्यातली क्षारता वापरतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने मोजल्यास, सुमारे ७ मिलिग्रॅम. घाटाच्या पायथ्याशी पावसाने भरणाऱ्या धरणाच्या मृदू पाण्यात ती मुळात थोडी असते, आणि अनेक महिने पाणी न बदलता केवळ उडालेल्या पाण्याची भर घालत राहिल्यास ती संपते, पीएच घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावते. फिल्टर चांगला, मासे मोजके, तरीही अमोनिया वाढतो, तेव्हा हेच कारण बहुधा निघते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे हा पहिला उपाय. त्यानेही भागले नाही तर समुद्रकिनाऱ्यावरचे पाच-सहा रिकामे शिंपले स्वच्छ उकळून कौलांच्या पिशवीत टाकावेत. ते सावकाश विरघळून क्षारता टिकवतात. मूठभर घालू नयेत. पीएच एकदम चढला तर आधी साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो, म्हणून शिंपले घालण्यापूर्वी पाणी बदलून अमोनिया खाली आणलेला असावा.

विजेविषयीची काळजी कोणी टाळू नये. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर, फळीवर ठेवावा, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा, वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली लोंबू द्यावी म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये जाणार नाही, आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करावे. माझा पहिला पंप जमिनीवर होता. एका रात्री वीज गेली, नळीतून टाकीचे पाणी उलटे उतरले आणि सकाळी पंपात व सतरंजीवर पाणी होते. वीज जास्त वेळ गेली तर बरणी पाण्यातच, झाकण वर सरकवून उघडी ठेवावी, म्हणजे आतल्या जीवाणूंना थोडाफार प्राणवायू मिळत राहतो.

कौलांची पिशवी मी वर्षातून एकदाच बाहेर काढतो आणि टाकीच्या पाण्यात दोनदा हलवून परत ठेवतो. ती काढली की नाकाजवळ नेऊन वास घ्यावा. पहिल्या पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा वास येत असेल आणि तुकड्यांवर पातळ तपकिरी साय असेल, तर तिला अधिक काही करू नये. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तुकड्यांमध्ये गाळ दाटून तिथले पाणी वाहायचे थांबले आहे. अशा वेळी अर्धेच तुकडे टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यावेत, उरलेले अर्धे पुढच्या महिन्यात, आणि पिशवी परत ठेवताना पूर्वीपेक्षा सैल बांधावी.